ट्रॅक्टरास बॅटरी कोणती घ्यावी?

बैलजोडी विकत घेतांना आपला शेतकरी ज्या बारकाईनें परीक्षा करतो तिला तोड नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, वशिंड चाचपतो, चालवून पाहतो. आणि तरीहि मनाची खात्री झाली नाहीं तर पुढल्या बाजाराची वाट पाहतो. ट्रॅक्टर घेतांनाहि तो चार ठिकाणीं चौकशी करतो. परंतु त्याच ट्रॅक्टरास जाग आणणारी बॅटरी घेतांना मात्र ही सारी चिकित्सा कोठें लोपते कोण जाणे! जुनी बॅटरी ऐन पेरणीच्या दिवशीं बसते, माणूस घाईघाईनें तालुक्याच्या गांवीं जातो, दुकानदार जी पुढें ठेवील ती उचलतो, आणि थोड्याच काळांत पुन्हां त्याच दुकानाची पायरी चढतो. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असतां ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर काय किंमत मोजावी लागते, हें ज्याच्या शेताची ओल उडून गेली त्यालाच ठाऊक. म्हणून ही खरेदी गरज पडण्यापूर्वींच विचारपूर्वक कशी करावी, ह्याचा ऊहापोह प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

बॅटरीचें खरें काम

आरंभींच्या ट्रॅक्टरांना सुरू होण्यासाठीं बॅटरी लागतच नसे. जर्मनींत १९२१ सालीं निघालेला लान्झ कंपनीचा ‘बुलडॉग’ ट्रॅक्टर सुरू करावयाचा म्हणजे प्रथम दिव्याच्या ज्योतीनें इंजिनाचें डोकें तापवावें लागे व मग तें हातानें फिरवावें लागे. इतर पुष्कळ ट्रॅक्टरांना लोखंडी हँडल मारावें लागे, आणि तें उलटें फिरलें तर मनगट मोडण्याची भीति असे. विजेवर चालणारा व्यवहार्य ‘सेल्फ’ अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यांनीं सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविला गेला. पुढें तो ट्रॅक्टरासहि आला. शिसें व आम्ल ह्यांची बॅटरी मात्र त्याहून जुनी आहे. फ्रान्समधील गास्तों प्लान्ते ह्यांनीं ती १८५९ सालीं तयार केली, आणि १८८१ सालीं कामीय फोर ह्यांनीं शिशाच्या जाळीवर लगदा लिंपून प्लेटा करण्याची रीत काढली. आजची बॅटरी मूळ तत्त्वानें तीच आहे.

१२ व्होल्टच्या बॅटरींत सहा खाने असतात व प्रत्येक खाना सुमारें २.१ व्होल्ट दाब देतो. प्रत्येक खान्यांत दोन प्रकारच्या प्लेटा आळीपाळीनें उभ्या केलेल्या असतात: एक सच्छिद्र शिशाची, दुसरी शिशाच्या तपकिरी ऑक्साइडची. त्या पातळ गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. वीज बाहेर जाऊं लागली कीं आम्लांतील गंधकाचा अंश प्लेटांवर बसतो आणि आम्ल पातळ होत जातें; उलट वीज भरली म्हणजे तो अंश पुन्हां आम्लांत येतो. म्हणूनच आम्लाचें विशिष्ट गुरुत्व मोजलें असतां बॅटरी किती भरलेली आहे हें कळतें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा जोरानें दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेनें तेल पेट घेतें. तेव्हां इंजिन नुसतें हलून भागत नाहीं. तें पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे. ह्या कामाला सेल्फची मोटर सुमारें अडीच किलोवॅट शक्ति घेते असें धरलें, आणि जोर पडल्यानें बॅटरीचा दाब १० व्होल्टांवर उतरला असें मानलें, तर २५० अँपिअर प्रवाह लागतो. पहिल्या झटक्यास तो याहूनहि अधिक असतो. परंतु हें काम चार-पांच सेकंदांत आटोपतें. ३०० अँपिअर प्रवाह पांच सेकंद वाहिला तरी बॅटरींतून अर्ध्या अँपिअर-तासाहूनहि कमी वीज जाते, व इंजिन चालूं लागल्यावर अल्टरनेटर ती कांहीं मिनिटांत परत भरून काढतो.

ह्यावरून पहिला सिद्धांत निघतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीस क्षणभर प्रचंड जोर द्यावयाचा असतो. तासन् तास थोडी थोडी वीज पुरविणें हें तिचें काम नव्हे. शंकरपटाचा बैल निराळा आणि मोटेचा बैल निराळा, तसाच हा प्रकार आहे. सेल्फच्या बॅटरींत प्लेटा पातळ व पुष्कळ असतात, म्हणून प्रवाह एकदम निघतो. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरींत प्लेटा जाड किंवा नळ्यांच्या असतात. त्या सावकाश व पुष्कळ वेळ वीज देतात, पण झटक्याचा जोर देण्यासाठीं त्या केलेल्या नसतात. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी ट्रॅक्टरास लावणें जितकें चुकीचें, तितकेंच ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर रात्रभर घरचे दिवे चालविणेंहि चुकीचें. सेल्फची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली कीं प्लेटांवरील लगदा सुटूं लागतो, आणि ती अल्पायुषी होते.

अंगावरील आंकडे कसे वाचावे

बॅटरीच्या अंगावर छापलेले आंकडे म्हणजे तिची जन्मपत्रिका होय. ती वाचतां आली पाहिजे.

पहिला आंकडा व्होल्टचा. हल्लींच्या ट्रॅक्टरांस १२ व्होल्ट लागतात. जुनें यंत्र असेल तर मात्र आधीं खात्री करावी. १९४७ ते १९५२ ह्या काळांत अमेरिकेंत निघालेल्या फोर्ड ८-एन ट्रॅक्टराची वीज ६ व्होल्टची होती व तिचें अधिक टोक सांगाड्यास जोडलेलें असे. अशा यंत्रास न पाहतां आजची बॅटरी जोडल्यास नुकसान ठरलेलेंच.

दुसरा आंकडा अँपिअर-तासांचा. बॅटरीची सांठवण किती हें तो सांगतो, आणि बहुधा वीस तासांच्या हिशेबानें तो दिलेला असतो. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे पावणेचार अँपिअर प्रवाह वीस तास देणारी. हाच प्रवाह अधिक जोरानें काढला तर एकूण वीज कमी मिळते, हेंहि ध्यानांत ठेवावें. आपल्याकडील मध्यम शक्तीच्या ट्रॅक्टरांना बहुधा ७५ ते १०० अँपिअर-तासांची बॅटरी असते. परंतु आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत जो आंकडा असेल तोच प्रमाण मानावा.

तिसरा आंकडा थंडींतील जोराचा. अमेरिकन पद्धतीनें तो असा काढतात: उणे १८ अंश सेल्सिअस थंडींत भरलेली बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर प्रवाह देते व तरीहि तिचा दाब ७.२ व्होल्टांच्या खालीं जात नाहीं, तो हा आंकडा. युरोपीय पद्धत थोडी निराळी असल्यानें दोन बॅटऱ्यांची तुलना करतांना दोन्ही आंकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हें पाहावें. महाराष्ट्रांत अशी थंडी पडत नाहीं. पण बॅटरीचा जोर तोलण्यास हा आंकडा उपयोगी आहे. मात्र केवळ तोच मोठा पाहून भुलूं नये. त्याच आकाराच्या पेटींत अधिक जोर आणण्यासाठीं प्लेटा अधिक व पातळ कराव्या लागतात, आणि पातळ प्लेट उष्ण हवेंत लवकर झिजते.

चौथी गोष्ट आकाराची. बॅटरी ट्रेमध्यें बरोबर बसली पाहिजे, वरची पट्टी घट्ट आवळली गेली पाहिजे, आणि अधिक-उणें टोकें योग्य बाजूस असलीं पाहिजेत. टोकें उलट बाजूस असल्यास तार ताणून जोडण्याचा मोह होतो, आणि ती ताणलेली तार एखाद्या दिवशीं पत्र्यास घासून आग लागते.

मोठी बॅटरी लावल्यानें सेल्फ जळतो, असा एक समज आहे. तो निराधार आहे. व्होल्ट तेच असले तर सेल्फ आपणांस लागेल तेवढाच प्रवाह घेतो. ट्रेमध्यें मावत असेल तर थोडी मोठी बॅटरी घेण्यास हरकत नाहीं. पुस्तिकेंत सांगितल्याहून लहान बॅटरी मात्र कधींहि घेऊं नये.

बॅटरीच्या जाती

पहिली जात पाणी घालण्याची साधी बॅटरी. हिच्या जाळींतील शिशांत थोडें अँटिमनी मिसळलेलें असतें. हिचे गुण असे कीं ती अधिक रिकामी झाली तरी पुन्हां बऱ्यापैकीं सांवरते, झांकणें उघडून आंतील स्थिति पाहतां येते, आणि किंमत बेताची असते. दोष असा कीं पाणी आटतें व उभ्या उभ्या वीजहि लवकर उतरते.

दुसरी जात कॅल्शियमची, जिला दुकानदार ‘मेंटेनन्स-फ्री’ म्हणतात. हिचें पाणी फार कमी आटतें, आणि न वापरतां ठेवली तरी वीज हळू उतरते. परंतु एकदां अगदीं रिकामी झाली कीं ती पूर्वस्थितीस येणें कठीण. जिला झांकणेंच नाहींत तिची आंतली परीक्षा करतां येत नाहीं, आणि ट्रॅक्टरचा रेग्युलेटर बिघडून अधिक वीज भरली गेली तर आटलेलें पाणी घालण्याचीहि सोय नसते. अधिक प्लेटांत अँटिमनी व उण्या प्लेटांत कॅल्शियम अशी मिश्र जातहि मिळते. ती ह्या दोहोंच्या मधली समजावी.

तिसरी जात कांचेच्या तंतूंच्या चटईची. हिच्यांत आम्ल मोकळें नसून चटईंत शोषलेलें असतें. ती सांडत नाहीं, हादरे उत्तम सोसते व जोरहि चांगला देते. परंतु किंमत पुष्कळ अधिक, आणि उष्णता व जास्तीची वीज हिला सोसत नाहीं. इंजिनाच्या लगत, बॉनेटखालीं, वैशाखांत काम करणाऱ्या साध्या ट्रॅक्टरास हा खर्च सहसा परवडण्यासारखा नाहीं. आम्ल खळीसारखें घट्ट केलेल्या जेलच्या बॅटऱ्याहि असतात. त्यांना वीज भरण्याचा दाब फार जपून ठेवावा लागतो, म्हणून ट्रॅक्टरच्या कामीं त्या नकोतच.

चौथी जात लिथियमची. ती वजनानें हलकी व आयुष्यानें दीर्घ असते. पण तिला वीज भरण्याची व्यवस्था तिच्या जातीची लागते, आणि किंमत मोठी. शिवाय ट्रॅक्टरास हलकेपणाचा कांहीं लाभ नाहीं. तेथें वजन ओझें नसून उपकारकच असतें.

थंडी बिघाड दाखविते, उष्णता बिघाड करते

थंडीच्या दिवसांत सकाळीं ट्रॅक्टर कुरकुरला कीं सारा दोष थंडीस दिला जातो. निफाडकडे पारा कधीं कधीं पांच अंशांखालीं उतरतो हें खरें. अशा वेळीं आंतील रासायनिक क्रिया मंदावून बॅटरीचा जोर घटतो, आणि त्याच वेळीं इंजिनांतील तेल घट्ट होऊन ओझें वाढतें. परंतु थंडी केवळ उघडें पाडते. खरी झीज आधींच्या उन्हाळ्यांत झालेली असते. उष्णता सुमारें दहा अंशांनीं वाढली कीं बॅटरींतील झीज जवळजवळ दुप्पट वेगानें होते. अकोला, चंद्रपूर ह्या भागांत हवाच ४५ अंशांपर्यंत तापते. इंजिनाजवळील पेटीची स्थिति काय असेल ह्याची कल्पना करावी. म्हणून विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकऱ्यानें पाणी पाहतां येईल अशा व जाड प्लेटांच्या बॅटरीस पसंती द्यावी, आणि ट्रॅक्टर सावलींत उभा करण्याची संवय ठेवावी.

ज्याचें काम तशी बॅटरी

उसाच्या हंगामांत रोज खेपा करणारा ट्रॅक्टर घ्या. दिवसांतून अनेक वेळां सेल्फ मारावा लागतो, खाचखळग्यांच्या रस्त्यानें हादरे बसतात, रात्रीं दिवे लागतात. येथें प्लेटा खालून चिकटवून पक्क्या केलेली, हादरे सोसणारी, पाणी घालण्याची बॅटरी उत्तम. काम रोजचें असल्यानें वीज उतरण्याचें भय नाहीं, आणि पाणी पाहण्यास माणूस जवळच असतो.

उलट ज्याचा ट्रॅक्टर स्वत:च्या शेतापुरताच चालतो व नंतर महिनोन् महिने गोठ्याशेजारीं उभा राहतो, त्याच्या बॅटरीचा शत्रु म्हणजे उभें राहणें. वीज उतरत जाते, प्लेटांवर बसलेला गंधकाचा थर कडक होतो, आणि मग कितीहि वीज भरली तरी तो विरघळत नाहीं. अशानें कॅल्शियमची किंवा मिश्र जातीची बॅटरी घ्यावी. ट्रॅक्टर उभा करतांना उणें टोक सोडून ठेवावें, आणि महिन्यांतून एकदां वीज भरावी.

ज्याच्या ट्रॅक्टरास जादा दिवे किंवा ध्वनिवर्धक लावले आहेत त्यानें पुढील हिशेब ध्यानांत घ्यावा. सुमारें १५० वॅटचे दिवे इंजिन बंद ठेवून लावले तर साडेबारा अँपिअर प्रवाह जातो. म्हणजे तीन तासांत ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी होते. रात्रीं मळणीवर उजेड पाहिजे असल्यास इंजिन चालूं ठेवावें, अथवा दिव्यांस निराळी बॅटरी ठेवावी.

घेण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें पाहा

पुष्कळ वेळां बॅटरी निर्दोष असते आणि दोष दुसरीकडेच असतो. मग नवी बॅटरी घेणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. ह्यासाठीं साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा दाब सकाळीं मोजावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर ती भरलेली आहे; १२.२ असेल तर निम्मी. १२ च्या खालीं असेल तर जवळजवळ रिकामी. मग दुसऱ्यास सेल्फ मारण्यास सांगून दाब पाहावा. भरलेली बॅटरी साडेनऊ व्होल्टांच्या खालीं घसरत असेल तर ती दुबळी झाली, किंवा सेल्फ अडखळतो आहे. शेवटीं इंजिन चालूं असतां मोजावें: १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर भरणी ठीक. तेराच्या आसपासच राहिले तर पट्टा सैल किंवा अल्टरनेटर बिघडलेला. पंधराकडे गेले तर रेग्युलेटर बिघडलेला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत नवी बॅटरीहि शिजून जाईल. टोकांवरील हिरवा-पांढरा गंज आणि सांगाड्यास जोडलेली सैल तार, हीं दोन कारणें तर सर्वांआधीं पाहावींत.

झांकणांची बॅटरी असेल तर हायड्रॉमिटरनें प्रत्येक खाना तपासावा. पूर्ण भरलेल्या बॅटरीचें गुरुत्व साधारणत: १.२४० ते १.२८० असतें, उष्ण प्रदेशासाठीं केलेल्या बॅटरीचें तें कमी असतें. पांच खाने सारखे आणि एक ०.०५० नें मागें असेल तर तो खाना मेला असें समजावें. त्या बॅटरीवर अधिक खर्च करूं नये.

दुकानांत

अंगावरील तयारीची तारीख किंवा तिची खूण दुकानदाराकडून वाचून घ्यावी. तीन महिन्यांहून जुना माल शक्यतों टाळावा. दाब मोजून घ्यावा, तो साडेबारा व्होल्टांहून कमी नसावा. सारख्याच आंकड्यांच्या दोन बॅटऱ्यांत जी वजनानें भारी तिच्यांत साधारणत: शिसें अधिक. हमीपत्रावर तारीख व शिक्का तेथेंच घ्यावा, आणि विनामूल्य बदलून देण्याची मुदत किती व पुढील सवलतीची किती, हें निरनिराळें विचारावें. कारण मोठ्या अक्षरांतील मुदत बहुधा दोहोंची बेरीज असते. ट्रॅक्टरास दोन बॅटऱ्या असल्यास दोन्ही एकदमच बदलाव्या; जुनी नवीस ओढून खालीं आणते.

जुनी बॅटरी दुकानदारास परत द्यावी व तिची किंमत वजा करून घ्यावी. २००१ सालच्या नियमांपासून विक्रेत्यानें ती घेण्याची व्यवस्था आहे, आणि २०२२ सालच्या नियमांनीं ती गोळा करून पुन्हां उपयोगांत आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. ती अंगणांत फोडून शिसें वितळविण्याचा उद्योग कोणीं करूं नये. शिशाची धूळ व वाफ लहान मुलांच्या बुद्धीवर कायमचा आघात करते.

जोपासना

पंधरवड्यांतून एकदां पाणी पाहावें व तें प्लेटांच्या वर सुमारें बोटभर राहील असें ठेवावें. घालावयाचें तें शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच. विहिरीच्या अगर नळाच्या पाण्यांतील क्षार प्लेटा खातात. आम्ल कधींहि वरून घालूं नये, कारण आटतें तें पाणी, आम्ल नव्हे. टोकें खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवून, कोरडीं करून व्हॅसलीन लावावें. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये. मध्यें अर्धा-एक मिनिट थांबावें. बाहेरून वीज भरतांना अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक प्रवाह ठेवूं नये. ७५ ची असेल तर साडेसात अँपिअर.

तार सोडतांना आधीं सांगाड्याची, म्हणजे उण्या टोकाची, सोडावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. वीज भरतांना निघणारा वायु स्फोटक असतो, म्हणून जवळ विडी किंवा कंदील नसावा. आम्ल डोळ्यांत उडाल्यास पुष्कळ पाण्यानें बराच वेळ धुवून ताबडतोब दवाखाना गांठावा.

ह्या सर्वांचें तात्पर्य थोडक्यांत असें: पुस्तिकेंतील आंकडा प्रमाण मानावा, काम व हवा पाहून जात ठरवावी, आणि घेण्यापूर्वीं तार, पट्टा व रेग्युलेटर तपासावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यांत शहाणपण नाहीं. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वींच एका निवांत सकाळीं मल्टिमीटर लावून पाहावा. बॅटरी थकलेली दिसली तर पेरणीस अजून दिवस असतात, आणि चार दुकानें हिंडून, पारखून घेण्यास सवडहि असते.